कणकेच्या गोळ्यातली बोटं

दिगूच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला तेव्हा मी पत्ते पिसत बसलो होतो. शाळांच्या गॅदरिंगमध्ये, वाढदिवसांच्या हॉलमध्ये जादूचे प्रयोग करून पोट भरलेला माणूस मी. रोज संध्याकाळी चहा झाला की पत्ते पिसायचे, हा माझा रियाज. हल्ली मात्र अर्धा वेळ पिसण्यात आणि अर्धा वेळ लादीवरून गोळा करण्यात जातो. उजवा हात थरथरतो. "भाऊजी, हे गेले... दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत," वहिनी एवढंच म्हणाल्या. मला त्या क्षणी पहिलं काय आठवलं, सांगायची लाज वाटते, पण सांगतो. आठच दिवसांपूर्वी मी दिगूशी भांडून त्याच्या गाळ्यातून निघून आलो होतो. नाहूरला घरी पोचेपर्यंत राग धरला आणि नंतर फोन करीन, करीन म्हणत केलाच नाही.

दिगू आणि मी जोगेश्वरीच्या एकाच चाळीत, एका भिंतीच्या अल्याड-पल्याड वाढलो. त्याचे वडील मालवणकडचे, गिरणीसाठी सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या कातायचे. गिरणी गेली, पण लाकूड कातायचा लेथ घरात आला, पुढे गाळ्यात हलला आणि दिगू त्यावर पोळपाट, लाटणी, पलंगाचे पाय काढायला लागला. जादूच्या कांड्या त्याच्या आयुष्यात आल्या त्या माझ्यामुळे, म्हणजे माझ्या फजितीमुळे. माझ्या पहिल्या प्रयोगाला माझ्याकडे काळा रंग दिलेली एक सरळसोट दांडी होती. घामाने ती हातातून निसटली आणि थेट मुख्याध्यापकांच्या चहाच्या कपात जाऊन पडली. सगळा हॉल हसला, सगळ्यात मोठ्याने दिगू. दुसऱ्या दिवशी त्याने मला गाळ्यावर बोलावलं आणि हातात कणकेचा गोळा ठेवला. म्हणाला, धर, कांडी धरतोस तसा. मला वाटलं, गडी माझी मस्करी करतोय.

मस्करी नव्हती. त्या गोळ्यावर उमटलेली माझी बोटं त्याने कितीतरी वेळ न्याहाळली, पेन्सिलीने लाकडावर खुणा केल्या आणि शिसवीचा तुकडा लेथवर चढवला. पटाशी लागली की भुसा त्याच्या मिशीवर बसायचा. अंगठा टेकतो तिथे किंचित खोलगट, तळहातात भरतो तिथे जरा जाड, पुढे निमुळती होत गेलेली कांडी त्याने फडक्याने पुसून माझ्या हातात दिली आणि एकच शब्द विचारला, "बसली?" मी म्हणालो, बसली. लगेच त्याने लेथचं बटण बंद केलं आणि खालच्या टपरीला दोन चहा सांगितले. पुढे तोच रिवाज पडला. कांडी कोणाचीही असो, आधी कणीक, शेवटी "बसली?" आणि "बसली" ऐकल्यावरच चहा. वहिनी वैतागायच्या, म्हणायच्या, लोकांच्या घरी कणकेच्या पोळ्या होतात, आमच्याकडे हात होतात. गोरेगावच्या कुठल्याशा मालिकेवाल्यांनी एकदा एकसारख्या पन्नास कांड्या मागितल्या, तर हा विचारतो, पन्नास जणांचे हात कुठायत? तो माणूस वेडा समजून परत गेला. दिगूला त्याचं काही वाटलं नाही. एकसारख्या हव्यात तर बांबू तोडून न्या म्हणावं, असं मला वर ऐकवलं.

हात थरथरायला लागला ते मी कोणालाच सांगितलं नाही. प्रयोग नाकारायला लागलो, कारणं रोज नवी. दिगूकडे गेलो की उजवा हात खिशात. त्याने दोनतीनदा पाहिलं आणि एक दिवस विचारलंच, "हात लपवतस कित्याक?" रागावला किंवा गलबलला की तो मालवणीवर यायचा. मी म्हटलं, सवय रे. त्याने पुढे विचारलं नाही, फक्त कणकेचा गोळा पुढे केला. नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून धरला. चार दिवसांनी बोलावून त्याने नवी कांडी समोर ठेवली. जाडजूड, मागच्या टोकाला चांगलीच जड. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढी वर्षं हातचलाखीवर जगलेल्या माणसाला हा असलं काही देतो? मी म्हणालो, "ही कांडी नाही दिगू, लाटणं आहे. म्हाताऱ्याला काठी हवी होती तर तसं सांगायचंस." तो नुसता म्हणाला, "एकदा धरून तर बघ." मी हातही लावला नाही. जिन्यावर आलो तरी मागे लेथ चालूच होता.

तीन आठवडे झाले असतील, वहिनींनी गाळा आवरायला बोलावलं. फळीवर बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे होते. त्यात वाळून दगड झालेले कणकेचे गोळे, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी बांधलेली. टाकले असतील असं मी समजत होतो, पठ्ठ्याने एकेक जपून ठेवला होता. माझा पहिला गोळा सापडला. चार बोटं, एक अंगठा, स्वच्छ उमटलेले. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'घाम फुटतो, अंगठ्याला खोलगट दे.' मग शेवटचा सापडला. त्यात एकेका बोटाच्या दोनदोन, तीनतीन खुणा, कडा फाटलेल्या... आपला हात असा दिसतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. चिठ्ठीवर त्याच पेन्सिलीने, 'कापतो. वजन मागे दे. विचारू नको.'

मी स्टुलावर बसलो आणि रडलो. वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, त्या दिवशी हे कणीक मागायला आले तेव्हा मला म्हणाले, त्याच्यासाठी जरा घट्ट मळ, त्याला जोर लावून धरावं लागेल.

कांडी लेथजवळ होती तिथेच होती, भुशात. मी ती पुसून उचलली. हात थरथरायचा थांबला नाही, असे चमत्कार फक्त मी करायचो आणि तेही खोटे. पण मागचं वजन तळहातात नीट विसावलं, बोटं आपापल्या जागी गेली आणि कांडीचं पुढचं टोक जवळपास स्थिर राहिलं. वरखाली केली, फिरवली. पडली नाही.

"बसली रे," मी म्हणालो, आणि लेथचं बटण कोणी बंद करेल म्हणून उगाच थांबून राहिलो.