चार वाजता बंद होणारा उपग्रह

केशोरीचा देवानंद सतरा वर्षे डिश बसवत आला होता. त्याच्या भागातल्या सरकारी डिश एकाच उपग्रहाकडे तोंड करून होत्या. छत्तीस हजार किलोमीटर उंचावरचा तो उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरे, म्हणून जागचा हलत नाही असे वाटे. बारा वर्षांसाठी पाठवलेला, पंधरा वर्षे चालला. आता इंधन संपत आले होते. उरलेल्या इंधनावर त्याला आणखी वर ढकलून बंद करणार होते, शुक्रवारी दुपारी चार वाजता. त्याआधी सगळ्या डिश नव्या उपग्रहाकडे वळवायच्या होत्या.

जंगलाकडच्या आरोग्य उपकेंद्राची तेवढी राहिली. तिथे मोबाइलला रेंज नाही. डॉक्टरांशी बोलायचे ते डिशवरूनच. शुक्रवारी तीन वाजता देवानंदने शिडी लावून वर पाहिले, तर डिशच्या पाठीला आग्या मोहोळ लोंबत होते. तीन वर्षांपूर्वी अशाच माशा चावून त्याचा घसा सुजला होता, श्वास बंद पडत आला होता.

"मी नाही चढत, सिस्टर. अंधार पडल्यावर धूर करून काढतो."

"तवा कोणता उपग्रह राहते?" नर्स दुर्गेश्वरी म्हणाली. "आत चंदाचं बीपी वाढून राहिलं, सातवा महिना आहे. पूल खचला, गाडी फिरून येऊन राहिली, सहा वाजतील. तोवर डॉक्टरले विचारल्याबिगर मी काय करू?"

देवानंदने अंगावर घोंगडी घेतली, त्यावर मच्छरदाणी गुंडाळली.

"हाक मारजा नोको. सिग्नल आला का खिडकीतून हात दाखवा."

बोल्टांना तेल सोडून त्याने डिश केसाकेसाने वळवली. डोळ्यांसमोर जाळीवर एक माशी चालत होती. उडी टाकावीशी वाटत होती. चार वाजून गेले. खिडकीत हात दिसेना. दहा मिनिटांनी दिसला. शेवटचा बोल्ट आवळताना पाना निसटून लोखंडावर आपटला. काळा थर सळसळला. मनगटावर डंख बसला.

तो खाली कसा आला, त्यालाच कळले नाही. दुर्गेश्वरीने पडद्यावरच्या डॉक्टरांना विचारून त्याला इंजेक्शन टोचले.

"बोला काहीतरी, भाऊ."

"बोलाले भेव वाटते."

हात कोपरापर्यंत सुजला, घसा मात्र मोकळा राहिला. डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाने चंदाचे बीपीही उतरू लागले. सव्वासहाला गाडी आली. दोघांना तिनेच नेले. वाटेत चंदाने त्याला गाडीची काच पुन्हा पुन्हा घट्ट लावताना पाहिले.

"लय भेले का, भाऊ?"

"अजून भिऊनच राहिलो, बाई," देवानंद म्हणाला.