डावा हात

गायकवृंदात सगळ्यांत पुढे उभा राहून स्वतः एक अक्षरही न गाणारा माणूस म्हणजे संचालक. आमच्या संचालकाला सगळे ‘हातवारे’ म्हणत. ते आडनाव नव्हे, धंदा. लहानपणी तो आरशासमोर हात हलवू लागला की आई म्हणायची, “माश्या एवढ्या झाल्या असतील तर खिडकी लावून घे.”

पुढे तो वृंदाच्या म्हाताऱ्या सरांकडे शिकायला लागला. तालमीपुरता सर त्याचा उजवा हात मफलरने पाठीशी बांधून टाकत. “उजवा ताल देतो, ते काम घड्याळही करतं. सूर सांभाळायचा डाव्याने.”

आणि सांभाळावा लागेच. वृंद वाद्यांशिवाय गाई, आणि गाणं पुढे जाई तसतसा सगळ्यांचा सूर मिळून खाली घसरे. मग हातवारेचा डावा तळवा वर वर जाई आणि घसरण थांबे. तालमीनंतर तो करवादे, “गाताय की जिना उतरताय?”

यंदा सर निवृत्त होणार होते. वृंद हातवारेकडे द्यायचा की बाहेरचा माणूस आणायचा, हे एका कार्यक्रमावर ठरणार होतं. वृंदातला सर्वांत उंच आवाज त्याच्या थोरल्या बहिणीचा. पडद्यामागे ती म्हणाली, “शेवटच्या पानावरचा सूर म्हणजे माझ्या गळ्याची हद्द आहे. सुरुवातीचा सूर वरचा दिलास तर घरी येऊ नकोस.”

“ताई, नेमका सूर ऐकायला नादकाटा आणलाय ना मी.”

आणला होताच. मंचावर त्याने तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, पण कानात नुसते छातीचे ठोके. काट्याचा सूर त्यात बुडून गेला. मग त्याने अंदाजानेच गुणगुणून सूर दिला. पहिली ओळ संपली आणि ताईच्या भुवया केसांत शिरल्या. सूर चांगलाच वर लागला होता.

थांबवावं, तर सर पहिल्या रांगेत. चालू ठेवावं, तर शेवटचं पान आ वासून बसलेलं. शर्ट पाठीला चिकटला. दुसऱ्या कडव्याला वृंद नेहमीसारखा घसरू लागला. डावा तळवा सवयीने उचलला गेला, आणि मध्येच थांबला. त्याने तो हात पाठीमागे नेऊन कोटाची शिवण घट्ट धरली. घसरा बाबांनो, आज जरा मनावर घ्या.

ते घसरले. पण पुरेसे घसरले का, हे शेवटच्या पानाशिवाय कळायला मार्ग नव्हता. ते पान आलं. ताईने डोळे मिटले. सूर लागला, हद्दीच्या बोटभर अलीकडे.

टाळ्या ओसरल्यावर सर आत आले. “डाव्या हाताला काय झालं होतं?”

“सर, सूर वर दिला गेला. म्हणून त्यांना उतरू दिलं.”

“पहिल्या ओळीलाच कळलं मला. तू हात मागे नेलास, तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.” सरांनी गाण्यांच्या कपाटाची किल्ली त्याच्या डाव्या हातात ठेवली. “उद्या लवकर ये. कुलूप अडकतं.”

ताई पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाली, “आणि जिन्याबद्दल यापुढे एक शब्द काढायचा नाही.”