कासीमभाईंची हरलेली पैज

जळकोटात कासीमभाई गेल्याची बातमी सांगत कुणी फिरलं नाही. सकाळी त्यांची पिठाची गिरणी वाजली नाही, त्यावरूनच गाव काय ते समजलं. ऐंशी पार केलेल्या माणसासाठी किती रडायचं… मला तर रडता रडता हसूच आलं, कारण त्यांची ती पैज आठवली.

निजामाचं राज्य होतं. मी नवी सून, आणि पहाटेचं जातं माझ्या नशिबी. सोलापुरात इंजिनाचं काम शिकून आलेल्या कासीमभाईंनी गावात पहिली गिरणी घातली. त्यांना एकच वेड होतं. यंत्रानं सगळ्यांना भरपूर दिलं, की माणसाला पैसा, राजकारण आणि देव, काहीच लागणार नाही. पारावर त्यांनी पैज लावली, आठ दिवस दळण फुकट. या तिन्हींवाचून गिरणी चालली, तर कायमचं फुकट. माझा जीव टांगणीला लागला. पैसे मोजून दळून आणतील त्या माझ्या सासूबाई कसल्या! कासीमभाई हरले की मी परत जात्यावर.

दुसऱ्याच दिवशी पाटलीणबाईंची दळणाची पाटी आधी का, यावरून रांगेत जुंपली. बायकांनी दोघींना पंच नेमलं, आणि त्या दोघींचे दोन तट पडले. मग कुणी इंजिनाला हळदकुंकू लावलं, कुणी दर्ग्यातला दोरा बांधला. कासीमभाई मिशीत हसले आणि म्हणाले, राजकारण आणि देव काही सुटले नाहीत, पण पैसा तरी हटला; तेवढ्यावरही दळण फुकट ठेवीन. मी मनातल्या मनात इंजिनालाच नवस बोलले.

शेवटच्या दिवशी सासूबाई स्वतः आल्या. पाटी उचलताना थबकल्या आणि मूठभर पीठ तिथल्या रिकाम्या डब्यात टाकलं.

"मावशी, फुकट हाय की," कासीमभाई म्हणाले.

"फुकटाचं घशाखाली उतरत न्हाय बाबा. पैसा म्या देणार न्हाय. मूठभर पीठ घे."

मागच्या बायकांनीही मुठी टाकल्या. कासीमभाई कपाळाला हात लावून खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मूठ हाच गिरणीचा दर ठरला. मी पुन्हा जात्यावर बसले नाही; पहाटेची ती झोप मला या हरलेल्या माणसानं दिली. लई माया होती माझी त्यांच्यावर.

परवा त्यांचा चाळिसावा दिवस झाला. दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन गेले, तर त्यांचा नातू म्हणाला, "आजी, आज दादांच्या नावानं फुकट." बरं म्हटलं, पाटी उचलली… आणि हात आपसूक डब्याकडं गेला. आत बघितलं, तर डबा आधीच काठोकाठ भरलेला.