दोन्हीकडचं एकोणीस

टेम्पोत चढवलेल्या माझ्या स्कूटीला दोरी बांधून झाली तरी अण्णा खाली उतरेनात. पलसाण्याच्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये मला रंग जुळवायची नोकरी लागली होती, मी सुरतेला निघाले होते, आणि माझे वडील माझ्याकडे बघायचं सोडून स्कूटीची नंबरपाटी रुमालाने पुसत बसले होते. एमएच १९. आमचा जळगाव जिल्हा. "पाटी पुसत जाय, पोरी," ते आमच्या अहिराणीत म्हणाले. "पाटी दिसनी म्हंजे आपला मानूस आपोआप भेटस." आई करवादली, आधी पोरीला जवळ घ्या, पाटी कुठे पळून चाललीय! तेव्हा कुठे ते खाली उतरले आणि मग मला सोडेनात.

गावी राहिलेल्यांनो, हसू नका. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना विचारा. भेस्तानच्या खोलीतून रोज पलसाण्याला जाताना मी माणसांचे चेहरे पाहतच नव्हते, पाट्या पाहायचे. एमएच अठरा म्हणजे धुळे, एकोणचाळीस म्हणजे नंदुरबार, शेजारचेच. एकोणीस दिसलं की मी हॉर्न वाजवून हात करायचे. समोरचा आधी दचकायचा, मग माझी पाटी बघून गाव विचारायचा. सिग्नल सुटेपर्यंत शेवभाजी, भरीत, कुणाची सोयरीक, सगळं बोलून व्हायचं.

दसऱ्याला मात्र माझी चांगलीच फजिती झाली. चौकात शेजारी एक मोपेड थांबली. पूजेचा झेंडूचा हार पाटीवर लोंबत होता, नुसतं १९ दिसत होतं. बाई आईच्या वयाच्या. मी आनंदाने ओरडलेच, "मावशी, कोनता गावना शेतस तुम्ही?"

"शुं कीधुं, बेटा?" त्यांनी वाकून हार बाजूला केला. जीजे १९! सुरत म्हणजे जीजे पाच एवढंच मला ठाऊक. पलसाण्याकडच्या गाड्या बारडोलीच्या एकोणीसमध्ये येतात हे मला कुणी सांगितलं होतं? त्या बाई, हंसाबेन, पोट धरून हसल्या आणि मला घरी नेऊन फाफडा-जलेबी खाऊ घातली. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरातलीच झाले.

वर्ष सरत आलं आणि कायदा आडवा आला. दुसऱ्या राज्यात वर्षापेक्षा जास्त गाडी चालवायची तर पाटी तिथली लावावी लागते. गाडी अण्णांच्या नावावर, म्हणजे जळगावच्या आरटीओतून ना-हरकत दाखला काढायला सही त्यांची हवी. आणि हरकत तर त्यांचीच! "आज पाटी बदलशी, उद्या बोली बदलशी," म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. दोन महिने हेच. मी चिडले, रडलेसुद्धा. मला नोकरी सोडायची नव्हती आणि त्यांना दुखवायचंही नव्हतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. हंसाबेनच्या पलसाण्यातल्या घराची वरची खोली रिकामी होती. भेस्तानात राहिले तर जीजे पाच, पण पलसाण्यात राहायला गेले तर? अण्णांना म्हटलं, "एकोणीसच राहील. एकोणीस-वीसचासुद्धा फरक नाही." त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी हंसाबेनच्या पाटीचा फोटो मागवला, चष्मा लावून पाहिला, सगळ्या गल्लीला दाखवला आणि तिसऱ्या दिवशी सही केली. आता मला कुणी गाव विचारलं की मी नुसतं एकोणीस म्हणते, ज्याला जे समजायचं ते समजू दे.

यंदाच्या दसऱ्याला अण्णा स्वतः आले. सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक एकोणीसला राम राम घालत होते. लोकही जय श्रीकृष्ण म्हणत पुढे जात होते. "एवढा आपला मानसं शेतस आठे, तू सांगं नही मले!" वर मलाच दटावणी.

मग त्यांनी माझ्या नव्या पाटीला कुंकू लावलं आणि हार नेमका असा बांधला की 'जीजे' तेवढं झाकलं जावं. मागे सरून पाहिलं. स्वारी खूश. हंसाबेन जलेबीची ताटली घेऊन आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि ती अण्णांपुढे धरली. अण्णांनी एक जलेबी खाल्ली. दुसरी घेतली. तीही संपवली आणि चिकट बोटांनीच हार हळूच बाजूला सरकवला.

"दिसू दे," ते म्हणाले. "ते बी आपलंच शे."