मंजूर म्हणायच्या आधी

आमच्या सहकारी बँकेच्या सभेत ठराव वाचून व्हायच्या आत तो मंजूर झालेला असे. पुढच्या दोन रांगांत साहेबांची माणसं बसत. साहेब म्हणजे बँकेचे अध्यक्ष, आमच्याच विभागाचे माजी नगरसेवक. "विषय क्रमांक तीन" एवढं ऐकू आलं की ती माणसं "मंजूर, मंजूर" ओरडत. मागचे आम्हीही सूर मिसळत असू, कारण सगळे विषय संपल्याशिवाय वड्याचं कुपन चालत नसे. बँक आपली, साहेब आपले आणि वडाही बरा.

मग ऐन फेब्रुवारीत बँकेवर निर्बंध आले. ठरावीक रकमेच्या वर कुणालाच काही काढता येईना. शाखेच्या शटरवरचा कागद मी दोनदा वाचला आणि घोडपदेवहून तडक लालबागला मोठ्या जाऊबाईंकडे गेले. त्यांचं घर मसाल्यावर चालतं. विक्रीचे पैसे त्या याच बँकेत ठेवत आणि मार्चमध्ये एकदम काढून बेडगी, संकेश्वरी पोत्यांनी घेत. मिरची त्याच दिवसांत घ्यावी लागते. ऊन सरायच्या आत वाळवण आणि कांडप उरकलं नाही, तर वर्ष गेलं.

"माझे पैशे गेले खंय?" त्यांनी विचारलं.

पैसे कुठे गेले ते विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांचा फोन आला की बँकेचा व्यवस्थापक एका बिल्डरच्या कर्जावर सही करी. तारण दाखवलेली जमीन शिवडीला, जिथे भरतीचं पाणी शिरतं. बिल्डर साहेबांचा साडू. साहेब मात्र टीव्हीवर सांगत होते की बाजारात मंदी आहे, त्याला कोण काय करणार. मंदीला सही करता येत नाही, एवढं मला कळतं.

पंधरवड्याने विशेष सभेची नोटीस आली. विषय एकच: मोठी थकीत कर्जं निर्लेखित करणे, म्हणजे बँकेच्या येण्यातून पुसून टाकणे. कर्जदारांची नावं दिली नव्हती. मी चौकशी केली तेव्हा कळलं की याला सभासदांची मान्यता लागतेच. आमच्याच तोंडून मंजूर वदवून घ्यायचं होतं.

मी कामाला लागले. दरवर्षी तक्रार करणारे चार जण मागे एकत्र बसत आणि साहेब "हे आपले नेहमीचे" म्हणून हसण्यावारी नेत. या वेळी मी आमच्या आणि लालबागच्या बायकांना रांगा वाटून दिल्या. प्रत्येक रांगेत दोघी. नोटिशीची प्रत कुणाकडे, माइक कोण धरणार, सगळं ठरलं. कुपन कुणीही घ्यायचं नाही, हेही.

परळच्या हॉलच्या दारात साहेबांच्या एका माणसाने जाऊबाईंना बाजूला घेतलं. मी शेजारीच होते.

"वहिनी, साहेबांनी तुमची खास सोय केलीय. अडचण दाखवून जास्त रक्कम काढायचा अर्ज भरा, साहेब वर शब्द टाकतील. आठवड्यात मिरचीचे पैसे हातात. आज फक्त शांत बसायचं."

त्यांचा हंगाम होता, मी काय बोलणार? "तुम्ही ठरवा, ताई," मी म्हटलं. "मी मनात काही धरणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हिचे?"

"त्यांचं बघू नंतर."

"आणि ह्या सगळ्यांचे?"

तो हसला. "सगळ्यांचं कसं जमेल, वहिनी?"

"मगे माझाच कसा जमता रे?" असं म्हणून त्या आत गेल्या.

विषय पुकारताच पुढून "मंजूर" झालं, पण लगोलग प्रत्येक रांगेतून "विरोध" आला. साहेबांना कुठे बघून हसावं कळेना. मी उभी राहिले. "कर्जदारांची नावं वाचा."

"ताई, ती माहिती गोपनीय असते."

जाऊबाई पलीकडून उठल्या. "माझ्या शेजारणीचा टेम्पोचा हप्ता थकला, तर तिचा फोटो पेपरात छापलात. ती गोपनीय नव्हती?"

हॉल हसला. व्यवस्थापक खाली मान घालून कागद चाळत राहिला. पुढून कुणीतरी म्हणालं, "बस गो म्हातारे."

"पाय धड आसत माझे. उभीच रवतंय."

मी हात मोजायची मागणी केली. मोजणी सुरू झाली तेव्हा साहेबांच्या माणसांपैकीही काहींचे हात मांडीवरच राहिले. त्यांच्या आयांच्या ठेवी याच बँकेत होत्या. मोजणी अर्धवट थांबवून साहेबांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. इतिवृत्तात आमचा विरोध लिहिला जाईपर्यंत मी कारकुनाच्या टेबलापासून हलले नाही.

पैसे सुटले नाहीत. जाऊबाईंनी गिऱ्हाइकांना निरोप धाडले: मिरची तुम्ही आणा, मसाला मी करून देते. नुसत्या मजुरीत कितीसं मिळणार? पण हंगाम बुडाला नाही. पुढच्या सभेसाठी मी आता वरळी कोळीवाड्यातल्या सभासद बायकांनाही गाठते आहे.

एप्रिलमध्ये आम्ही दोघी कांडपाच्या मशीनपाशी बसलो होतो, तेव्हा तोच माणूस नाकाला रुमाल लावून दारात आला. "वहिनी, साहेबांचा राग नाही. अर्ज अजून करता येईल."

जाऊबाईंनी पदराने डोळे पुसले, मिरचीने वाहत होते. "अर्ज कसलो करूचो? माझेच पैशे ते."

तो आणखी काही म्हणाला. पण त्यांनी मशीनवाल्याला खूण केली आणि मिरचीचा पुढचा घाणा पडला.