अंपायरचा खांदा

नागपूरचा उन्हाळा आणि माझे भासरे, या दोघांशी वाद घालून कोणी जिंकल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. भासरे म्हणजे आमच्या यांचे मोठे भाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते. सदर भागातल्या एका कचेरीत त्यांनी जन्मभर फायली सरकवल्या, पण तो नुसता पोटाचा उद्योग. खरं आयुष्य रविवारचं. पांढरी टोपी घालून मैदानात उभं राहायचं आणि पोरांच्या क्रिकेटमध्ये अंपायरिंग करायचं. ती सवय ते घरीही घेऊन येत. भाजीत मीठ जास्त पडलं की दोन्ही हात पसरून ‘वाइड’ देत. नवी नवरी म्हणून मी घरात आले, तर पहिल्याच सकाळी माझ्या हातून चहा उतू गेला. मी रडवेली. भाऊजींनी दारातूनच गंभीर चेहऱ्यानं एक हात आडवा केला आणि म्हणाले, “नो बॉल हाय पोरी. आऊट नाही. पुन्हा टाक.” त्या घराची भीती मला नंतर कधी वाटली नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, शर्टाची बाही चढवताना ‘आई गं’ व्हायचं. तरी रविवार चुकवायचे नाहीत. एका सामन्यात शेवटच्या ओव्हरला फलंदाजानं सणसणीत सिक्स मारला. सिक्सला दोन्ही हात वर करावे लागतात. भाऊजींचा डावा गेला, उजवा छातीशीच अडला, आणि आलेल्या कळेनं डाव्या हाताचीही चार बोटं मिटून एकच वर उरलं. गोलंदाजाची टीम नाचू लागली. फलंदाज बॅट टाकून ओरडला, “अंकल, सिक्सवर आऊट?” भाऊजींनी खेळ थांबवून सगळ्यांसमोर चूक कबूल केली, सहा धावा दिल्या, टोपी दुसऱ्या अंपायरच्या हाती ठेवली आणि घरी आले. “ज्याले सिक्स दाखवता येत नाही, त्यानं मैदानात उभं राहू नये,” एवढंच बोलले. त्या दिवशी जेवले नाहीत.

आमच्या यांनी त्यांना फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे नेलं. हात वर नेताना खांद्यातली स्नायूची दोरी हाडाखाली चिमटते, असं मॅडमनी समजावलं. ओढाताण करून ती सुटत नाही. हळूहळू ताणायचं आणि दुखेल तिथं थांबायचं. टेबलाला चांगला हात टेकून वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडून झुलवायचा. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढायचं. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं दुखऱ्याला वर ढकलायचं. भाऊजींनी हे नियमांचं पुस्तक पाठ करावं तसं पाठ केलं. काठी पारखायला लकडगंजच्या लाकूडबाजारात गेले ते अर्ध्या दिवसानं परतले, दुकानदाराला सगळे व्यायाम शिकवूनच. “त्याचाबी खांदा धरला होता गा!” आमच्या यांना त्यांनी विजयानं सांगितलं. बँकेच्या रांगेत काउंटरला टेकून हात झुलवू लागले, तर मागच्या बाईंना वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. त्यांनी बाटलीतलं पाणी भाऊजींच्या तोंडावर मारलं. भाऊजींनी तोंड पुसलं आणि पुढचा व्यायाम सुरू केला.

मग गच्चीवर रोज सकाळी शाळाच भरू लागली. कॉलनीतले दुखऱ्या खांद्याचे आठ-दहा जण भिंतीला तोंड करून उभे, आणि मागून भाऊजींची फेरी. “काकाजी, तुम्ही झटका देऊन राहिले! थांबा तिथंच. दुखण्यापुढं अपील नाही चालत.” आपण किती वर पोचलो याच्या पेन्सिलच्या खुणा जो तो भिंतीवर करी. कोणी खोटी खूण केली की भाऊजी ती खोडरबरानं पुसत.

एके दिवशी माझ्या जाऊबाई, म्हणजे भाऊजींच्या पत्नी, गच्चीच्या कोपऱ्यात पापड वाळत घालत होत्या. भिंतीशी एक जागा रिकामी होती. भाऊजींनी त्यांना हाक मारली.

“अवं, ये नं इकडं. तूबी चढव बोटं.”

“मले काय करायचं हाय?”

“ये तं खरी.”

त्या आल्या. बोटं भिंतीवर हनुवटीइतकी चढली आणि थांबली. थट्टा करताहेत असं वाटून मी हसले. मग त्यांचा चेहरा पाहिला.

“कधीपासून?” भाऊजींनी विचारलं.

“दोन वर्षं झाले असतील.”

“मग सांगतलं काहून नाही?”

“तुम्ही विचारलं कुठं?” हे त्या रागानं बोलल्या नाहीत. बोलल्या आणि जाऊन पापड उलटू लागल्या.

अंबाडा घालणाऱ्या जाऊबाई दोन वर्षं खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी घालत होत्या. वरच्या फळीवरचा डबा मलाच काढायला सांगत होत्या. मी रोज काढून देत होते, आणि मलाही काही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी त्यांना स्वतः मॅडमकडे घेऊन गेले. तिसऱ्या दिवसापासून जाऊबाई पाटावर आणि भाऊजी मागे खुर्चीवर, हातात फणी. तेवढ्या उंचीवर त्यांचा हात चालायचा. पहिला अंबाडा डाव्या कानावर कलला होता, आणि तोच घेऊन जाऊबाई देवळात निघाल्या. मी म्हटलं, नीट करून देते. “राहू दे वं,” त्या म्हणाल्या. “किती मन लावून घातला त्यांनी.”

भाऊजींचा हात कानापर्यंत आला आणि तिथंच राहिला. जाऊबाईंचा मात्र सुटला. सहा-सात महिन्यांनी एका सकाळी त्यांनी स्वतःचा अंबाडा स्वतः घातला, घट्ट आणि अगदी मधोमध. भाऊजी फणी घेऊन आले आणि पाहतच राहिले. “जमलं तुले?” मग साऱ्या कॉलनीत सांगत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसले होते. हात रिकामे. “हात चालते आता तिचा,” ते मला म्हणाले. बातमी आनंदाचीच होती, पण आवाज कुठंतरी खाली बसलेला. जाऊबाई केस वळत होत्या. पिनांची डबी त्यांच्याच मांडीवर उघडी पडली होती. तरी मान न वळवता त्यांनी मोकळा तळवा मागे केला आणि म्हणाल्या, “एक पिन द्या हो.”