नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही

शनिवारी दप्तराविना शाळा, असा आदेश वरून आला आणि ‘निसर्गकौशल्य’ माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच की आमच्या शाळेत चाळिशीच्या आतली मी एकटी. परभणीला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. सावलीवरून दिशा ओळखणं, तीन दगडांची चूल, पळसाच्या पानांचे द्रोण. सोनपेठ तालुक्यातल्या पोरांना हे मी शिकवायचं, म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवण्यातलाच प्रकार.

त्या शनिवारी नदीकाठी मी पाच काड्या वाया घालवल्या. शेवटी चौथीतली एक मुलगी पुढे आली.

“बाई, वाऱ्याकडं पाठ करून बसा की,” म्हणाली आणि तिनं एका काडीत चूल पेटवली. पोरं हसली. मला राग आला. मला तो पटकन येतो.

चूल पेटवणं तिचं रोजचंच काम होतं. दिवाळीनंतर ती आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मीच ‘स्थलांतरित’ असा लाल शेरा मारला होता. तिकडे तिला ताप आला म्हणून बापानं तिला गावात आत्याकडे आणून सोडलं. शुक्रवारी आत्या तिला शाळेत घेऊन आली. “आता हितंच शिकू द्या बाई, लय हुशार हाय,” म्हणाली. सोमवारी नाव चढवते, तोवर येऊ दे, असं मी सांगितलं.

पोरांना येत नव्हती अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती. रानात वाट चुकलात तर हिंडायचं नाही, एका झाडाखाली बसून राहायचं. त्याचा सराव म्हणून मी सगळ्यांना बाभळींच्या रानात लांब लांब बसवलं आणि बजावलं, “मी नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही. कुणी हललं तर याद राखा.”

पोरं गप्प बसली. मी फोटो काढले, ग्रुपवर टाकले. मग पर्समधून पटाची यादी काढली आणि एकेक नाव घेतलं. सव्वीस नावं, सव्वीस पोरं. मला साडेअकराची एसटी गाठायची होती.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. शेजारी एक जाड बाई, पायांशी तिची दोन पोती. गाडी निघून पंधरा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला.

“मॅडम, ती ऊसतोडवाल्याची मुलगी तुमच्याबरोबर होती का? आत्या शोधत आलीय.”

ती कुठे आहे हे मला त्याच क्षणी कळलं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? “सर, ती माझ्या यादीत नव्हती.”

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. स्वतःची एवढी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती. लगेच मी म्हणाले, “नदीकाठी बघा, मी येते.” कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं, तर तो म्हणाला, पुढच्या फाट्यावर थांबेल. पोत्यांमुळे मला उभंही राहता येईना. फाटा काही येईना.

फाट्यावर उतरून एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवरून मी थेट नदीकडे गेले. ती तिथंच होती. बाभळीची सावली केव्हाच सरकून गेली होती, पण ही सरकली नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन भर उन्हात बसली होती. ओठ सुकलेले.

“ऊठ गं,” मी म्हणाले.

“तुमी माझं नावच घेतलं न्हाई,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात.

तेवढ्यात सगळा नदीकाठ धुंडाळून दुसऱ्या बाजूनं आत्या धावत आली, मागोमाग मुख्याध्यापक. आत्यानं तिला छातीशी धरलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला. “समदी पोरं आली, तू का गं न्हाई उठलीस?”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. माझी नोकरी, साहेबांची नोटीस, गावात होणारी बोंब, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

“झोप लागली असेल तिला,” मी म्हणाले.

मुख्याध्यापक खाली बघत राहिले. परतताना हळूच म्हणाले, “बरं झालं. आता वाढवू नका.”

मंगळवारी बाप आला, कारखान्यावरून रातोरात निघून. सोमवारी मी तिचं नाव पटावर चढवलं होतं, निळ्या शाईनं, ठसठशीत. वर्गाच्या दारात त्यानं मला हात जोडले आणि लेकीला पुढे ओढलं.

“बाईनं नाव घेतलं तवा का उठली न्हाईस?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. आता ही सांगणार, असं मला वाटलं. खरं सांगते, सांगावं असंही वाटलं. निदान एकदाची सुटले असते.

“झोप लागली व्हती,” ती म्हणाली.

“बघा बाई. अशी झोपाळू पोरगी हितं कुणाच्या भरवशावर ठिवू? आमच्या डोळ्यांम्होरं तरी ऱ्हाईल.”

ती तशी नाही, चूक माझी आहे, तिला इथंच राहू द्या. तीन वाक्यं होती. जिभेच्या टोकावर होती.

“उन्हाचं जपून जा,” मी म्हणाले.